एकाच पंगतीतलं वेगळं ताट

अल्जीरियाच्या पश्चिम वाळवंटात तिंदूफ नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास १९७५ पासून सहरावी निर्वासितांच्या छावण्या आहेत. स्पेनने पश्चिम सहारा सोडला, मोरोक्कोचं सैन्य आत आलं आणि हजारो कुटुंबं सीमा ओलांडून इथे आली. ती अजून तिथेच आहेत. पीक घ्यावं अशी जमीन नाही, पाऊस नावालाच पडतो. त्यामुळे छावणीतली चूल पेटते ती बाहेरून येणाऱ्या शिध्यावर. पीठ, तांदूळ, डाळी, तेल, साखर असा हा शिधा असतो आणि त्यातलं पीठ बहुतांशी गव्हाचं असतं.

१९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इटलीचे डॉक्टर कार्लो कतासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी ९९० सहरावी मुलांची तपासणी केली होती. त्यातल्या ५.६ टक्के मुलांना सीलिॲक आजार असल्याचं आढळलं. युरोपात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. या आजारात गहू, जव किंवा राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलाचं पोट फुगतं, हातपाय काटकुळे राहतात, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी पडतं, उंची खुंटते. यावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणं एवढाच उपाय आहे.

सहरावींच्या वाडवडिलांचं खाणं म्हणजे उंटाचं दूध, खजूर, मांस आणि थोडंफार धान्य. गव्हाचा पाव त्यांच्यात वसाहतीच्या काळात रुळला आणि छावणीत तर तेच मुख्य अन्न झालं. अशा छावणीत आजारी मूल असलेल्या आईची कोंडी सरळ आहे. पदरात पडलेला पाव मुलाला दिला तर ते खंगतं, न दिला तर उपाशी राहतं.

इथे एक जुना धार्मिक प्रश्न नव्याने उभा राहतो. देणाऱ्याने मनापासून दिलं, घेणाऱ्याने हात पुढे करून घेतलं, पण घेतलेलं खाता येत नाही. मग हे अन्नदान झालं का?

सीलिॲकचं कारण उमगलं तेही उपासमारीच्या काळात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांच्या कोंडीत सापडलेल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नाचा दुष्काळ पडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, हजारो माणसं दगावली. विलेम कारेल डिके हे डच बालरोगतज्ज्ञ तेव्हा हेगच्या मुलांच्या रुग्णालयात होते. सीलिॲकच्या मुलांना गहू बाधत असावा, अशी शंका त्यांना १९३०च्या दशकापासूनच होती. त्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला आणि बाकी सगळे वाळत असताना ही मुलं सावरली. मदतीचा पाव पुन्हा पोचला तशी ती पुन्हा आजारी पडली. पुढे डिके यांनी आहाराचे काटेकोर प्रयोग केले आणि १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. तोपर्यंत या मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवण्यासारखे अंदाजाचे उपचार चालत. ज्या पावाने एक देश मरणाच्या दारातून परत आला, तोच पाव त्याच देशातल्या काही मुलांना बाधत होता.

आपल्याकडे अन्नदानाला सर्व दानांत वरचं स्थान आहे. भुकेल्याची जात, भाषा, गाव विचारू नये आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही शिकवण उपनिषदांपासून वारकऱ्यांच्या दिंडीपर्यंत सगळीकडे आहे. या शिकवणीने असंख्य जीव जगवले आहेत. पण तिच्या पोटात एक गृहीत आहे. भूक सगळ्यांची सारखी, म्हणून अन्नही सगळ्यांना सारखंच चालेल, असं ती धरून चालते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची सात्त्विक, राजस, तामस अशी प्रतवारी आहे आणि सात्त्विक दानासाठी स्थळ, काळ आणि घेणारा यांचा विचार सांगितला आहे. घेणाऱ्याचा विचार परंपरेत पुष्कळ झाला, पण तो मुख्यतः त्याची विद्या, आचार आणि गरज यांच्या अंगाने. त्याच्या आतड्याला काय सोसतं, हा प्रश्न वैद्यावर सोपवला गेला.

वैद्यांनी मात्र तो नेमका हाताळला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी करायला सांगितलं आहे. पदार्थाचा स्वभाव, त्यावरचे संस्कार, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, देश, काळ, जेवणाचे नियम, आणि आठवं अंग म्हणजे खाणारा स्वतः. पहिली सात अंगं जुळली तरी आठवं जुळलं नाही तर तो आहार हितकर ठरत नाही. दानाचं शास्त्र आणि आहाराचं शास्त्र एकाच संस्कृतीत शेजारी शेजारी वाढली. आज गरज आहे ती हे आठवं अंग दानधर्माच्या विचारात आणण्याची.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो आपल्याच घरातला आहे. मराठी माणसाला लहानपणापासून शिकवलं जातं की पंक्तिप्रपंच करू नये. एका पंगतीत बसलेल्यांना एकाला तूप जास्त, एकाला कमी, एकाला ताजं, एकाला शिळं असं वाढणं हे पाप. मग पंगतीत एकालाच निराळ्या भांड्यातलं वाढायचं, हा प्रपंच नव्हे का?

हा नियम का आला, ते पाहिलं की उत्तर सापडतं. पंगतीतला भेद हा माणसाची पायरी दाखवण्यासाठी केला जात होता. यजमानाच्या नात्यातल्याला वाटीभर तूप आणि कडेला बसलेल्याला थेंबभर. जातीच्या हिशोबाने तर कित्येकांना पंगतीत जागाच नव्हती. म्हणून तर विसाव्या शतकात महाराष्ट्रात ठिकठिकाणी सहभोजनं घडवून आणावी लागली. पंक्तिप्रपंचाच्या निषेधामागे अपमानाचा निषेध होता. सीलिॲक असलेल्या मुलीला ज्वारीची भाकरी वेगळी वाढली तर तिची पायरी खाली जात नाही. उलट तिच्या पानात सगळ्यांसारखी पोळी वाढून ती खाता येत नाही म्हणून तिला रिकाम्या पोटी बसवणं, हाच खरा प्रपंच. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला जेवता यावं, हा त्या नियमाचा गाभा आहे. सगळ्या पानांत एकच पदार्थ दिसावा, हे त्याचं नेहमीचं रूप आहे, गाभा नव्हे.

समतेच्या पंगतीचं सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे शिखांचा लंगर. राजा असो वा रंक, सगळ्यांनी जमिनीवर एका रांगेत बसून एकच अन्न खायचं. गुरू अमरदासांच्या भेटीला आलेला अकबरही आधी पंगतीत बसला, असं परंपरा सांगते. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं जेवतात. नांदेडच्या हुजूर साहिबला गेलेल्या मराठी माणसानेही हा अनुभव घेतलेला असतो. सेवेकरी रांगेतून येतो, दोन्ही हात पुढे करायचे आणि तो ओंजळीत रोटी ठेवतो. ती गव्हाची असते. कडाह प्रसादही गव्हाचं पीठ, तूप आणि साखर यांचा.

उत्तर भारतातल्या गव्हाच्या मुलखातच सीलिॲकचं प्रमाण जास्त आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असल्याचं दिसलं. २०१६ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांची तुलना करणारा अभ्यास आला. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के असे त्याचे आकडे होते. आजाराला पूरक जनुकं देशभर आहेत. पण जिथे तिन्ही त्रिकाळ गहू, तिथे तो जास्त उफाळतो. लोक त्याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात. तो ॲलर्जीचा प्रकार नाही, पण बोलीत तेच नाव रुळलं आहे.

उत्तरेतल्या गरीब घरात निदान झालं की दुसरी अडचण सुरू होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. हा कायदा देशाच्या मोठ्या पुण्याईचा आहे. पण पंजाबात रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू. घरातल्या एका मुलाला गहू वर्ज्य असेल तर त्याच्या नावचे ५ किलो येतात आणि त्यांचा त्याला उपयोग शून्य. त्याच्यासाठी तांदूळ किंवा मका बाजारभावाने आणावा लागतो. अनेक राज्यांत अंगणवाडीचा पूरक आहारही गव्हावर आधारलेला आहे. वजन भरत नाही म्हणून एखाद्या मुलाला तो अधिक द्यायचा आणि मूळ दुखणं ओळखलं गेलेलं नसलं की वजन आणखी घटायचं, असं दुष्टचक्र तयार होऊ शकतं. कागदावर हे मूल लाभार्थी असतं, घरात ते अर्धपोटी असतं.

महाराष्ट्राची स्थिती त्या मानाने बरी, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हे आपलं जुनं अन्न आहे. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली, तेव्हा कुणी सीलिॲकचा विचार केला नव्हता, पण बेसन आणि ज्वारी ही दोन्ही ग्लुटेनमुक्त आहेत. २०२० च्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात आला. पंचवीस वर्षांत सरकारी ताटातल्या भाकरीची चपाती झाली आणि घरोघरीही तेच झालं. चपाती प्रतिष्ठेची ठरली, भाकरी मागे पडली. उपवासाचे पदार्थ मात्र अजून तसेच आहेत. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत गहू नाही. सीलिॲकच्या रुग्णाला बाहेरगावी निर्धास्तपणे मागता येईल असं ताट बऱ्याचदा उपवासाचंच असतं.

तरीही घरातली भाकरी आपोआप निर्धोक होत नाही. गिरणीत ज्वारी घेऊन गेलेली बाई विचारते, ‘आत्ता कशावर चाललंय?’ गिरणीवाला सांगतो, ‘गव्हावर.’ एरवी ती थांबते, कारण ज्वारीत गहू मिसळला की भाकरी नीट होत नाही. पण घरात सीलिॲकचं मूल असेल तर नुसतं थांबून भागत नाही. जात्याच्या पाळ्यांत, वरच्या चाडीत, खालच्या कापडी नळीत गव्हाचं पीठ चिकटलेलं असतं आणि पुढच्या दळणात उतरतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं कतासी यांच्याच २००७ च्या अभ्यासात दिसलं. गव्हाच्या पिठाच्या हिशोबात ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे चिमूटभरच. भुकटीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. त्यामुळे भात-वरणाचं साधं ताटही फोडणीपाशी अडतं. भारतात पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती पाकिटं परवडतात त्यांना आधार आहे. सुट्या धान्यावर जगणाऱ्यांना विचारपूस हाच आधार. अमेरिकेत २०१९ च्या एका पाहणीत ग्लुटेनमुक्त पदार्थ नेहमीच्या पदार्थांपेक्षा सरासरी १८३ टक्के महाग आढळले. आजार श्रीमंत-गरीब पाहत नाही, पथ्य पाहतं.

हाच पेच वेगवेगळ्या धर्मांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे आणि त्या उत्तरांतून बरंच शिकता येतं. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार मिस्सा या उपासनेतली पवित्र भाकर फक्त गव्हाचीच हवी. २००३ साली कार्डिनल योसेफ रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या कार्यालयाने स्पष्ट केलं की पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर चालणार नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालेल. २०१७ मध्ये रोमने हेच पुन्हा सांगितलं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन भगिनींनी बराच काळ प्रयोग करून ०.०१ टक्का ग्लुटेन असलेली भाकर तयार केली. ज्यांना तेवढंही सोसत नाही त्यांना फक्त द्राक्षारस स्वीकारता येतो. त्यामागचा सिद्धान्त खोल आहे. भाकर आणि द्राक्षारस या दोन्ही रूपांपैकी कोणत्याही एकात ख्रिस्त पूर्णपणे असतो, त्यामुळे एकच घेणाऱ्याला कमी मिळत नाही. मराठीत मिस्सा ऐकणाऱ्या वसईच्या भाविकालाही हीच सोय लागू आहे. नियम जागचा हलला नाही, पण आजारी माणसासाठी दार उघडं राहिलं. तरी वेदीपाशी आपलीच रांग वेगळी असल्याचं दुःख अनेकांना सलतं आणि ते दुःख खोटं नाही. ज्यूंच्या पेसाख सणाला मात्झा म्हणजे बिनखमिराची रोटी खाणं हे कर्तव्य, आणि ती पाच ठरावीक धान्यांचीच चालते. त्या पाचांत ओट येतो. लंडनमधल्या एका रब्बींनी गव्हापासून कटाक्षाने दूर ठेवलेल्या ओटची मात्झा बनवली आणि कर्तव्य व प्रकृती दोन्ही राखली.

आपल्याकडच्या सत्यनारायणाच्या पूजेत हा प्रश्न प्रसादापाशी येतो. शिरा रव्याचा, सव्वाच्या मापाचा. तो नाकारायला आजारी माणूस धजत नाही, कारण कथेतल्या तुंगध्वज राजाने प्रसाद टाकला आणि त्याचं सर्वस्व गेलं. वडीलधारी माणसं म्हणतात, ‘कणभर तरी घे, देवाचं बाधत नाही.’ इथे कथा नीट वाचायला हवी. राजाचा दोष गर्वाचा आहे. गुराख्यांनी दिलेला प्रसाद त्याने तुच्छतेने सोडला. ज्याचं आतडं गहू सोसत नाही त्याच्या नकारात तुच्छता नाही. शिवाय त्याच कथेत नैवेद्याचं साहित्य सांगताना, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं चालेल आणि साखरेऐवजी गूळ चालेल, अशी मुभा स्पष्ट दिली आहे. म्हणजे तांदळाच्या पिठाचा प्रसाद ही पळवाट नाही, ती व्रतातच लिहिलेली सोय आहे. प्रेमाने आग्रह करणारे आजी-आजोबा हे ऐकून घेतील. कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्डमधल्या व्याख्यानात विचारलं होतं की समता हवी, पण ती नेमकी कशाची? सारखी वस्तू दिली तरी वेगवेगळ्या शरीरांना तिच्यापासून सारखी क्षमता मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ५ किलो गहू हे त्याचं स्वच्छ उदाहरण आहे. एका मुलाला त्यातून महिन्याचं बळ मिळतं, दुसऱ्याला दुखणं. इटलीने हा मुद्दा कायद्यात आणला. २००५ च्या कायद्याने सीलिॲकला सामाजिक आजार मानून शाळा, रुग्णालयं आणि सार्वजनिक भोजनालयांत ग्लुटेनमुक्त जेवणाची तरतूद केली. रुग्णांना वय आणि लिंगानुसार महिन्याला ठरावीक रकमेची खरेदी-कुपनंही मिळतात. तिथेही पास्ता आणि पाव यांवर सगळी खाद्यसंस्कृती उभी आहे, पण ज्याला ते चालत नाही त्याला समाजाने पंगतीतून उठवलं नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे नखरे आहेत, हल्ली जो तो ग्लुटेन सोडतो. वजन उतरवण्यासाठी गहू सोडणाऱ्यांच्या लाटेने सीलिॲकच्या रुग्णांचं नुकसानच केलं आहे. हॉटेलातला वाढपी किंवा भंडाऱ्यातला सेवेकरी त्यांचंही म्हणणं हौस समजतो आणि रस्सा ढवळलेल्या डावानेच भात वाढतो. म्हणून निदान महत्त्वाचं. रक्ताची चाचणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासणं, ही सोय जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचली तर खरा रुग्ण कोण, हा वाद उरणार नाही.

आणि अन्न सुरक्षा कायद्याला यासाठी नवं काही शोधून काढावं लागणार नाही. कायदा मुळात आला तेव्हा त्याच्या परिशिष्टात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे तिन्ही दर लिहिलेले होते. म्हणजे पर्याय कायद्यातच आहे, फक्त कुठल्या घरात कोणतं धान्य जावं हे राज्याच्या साठ्यावर ठरतं, खाणाऱ्यावर नाही. सरकारी डॉक्टरचा दाखला असलेल्या माणसाच्या नावापुढे शिधापत्रिकेवर एक नोंद करावी आणि त्याचे ५ किलो गव्हाऐवजी तांदूळ, बाजरी किंवा ज्वारी यांचे द्यावेत, एवढाच बदल लागतो. धान्य एक किलोही वाढत नाही. अंगणवाडीत तसंच तांदूळ, नाचणी किंवा राजगिऱ्याचा आहार वेगळ्या डब्यात, वेगळ्या डावाने आणि गव्हाचं पाकीट उघडण्याआधी काढून ठेवता येतो. गुरुद्वारात, मठात, गावच्या भंडाऱ्यात रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सेवेकऱ्याने वाढण्याआधी ‘तुम्हाला गहू चालतो ना?’ एवढं विचारावं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला त्याच पंगतीत, त्याच जागी बसवून आधीच झाकून ठेवलेल्या पातेल्यातला भात वाढावा.